गाणे कोणाच्या तोंडी आहे?

युद्धगीते ऐकून किती तरुण सैन्यात गेले, याचा हिशेब मांडता येत नाही. सप्टेंबर १९१४ या एका महिन्यात ब्रिटनमध्ये साडेचार लाखांहून अधिक पुरुष भरती झाले. पण त्यामागे बेकारी, मित्रांचा आग्रह, भित्तिपत्रके असे बरेच काही होते. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारतो : हे गाणे कोणाच्या तोंडी आहे, आणि जायचे कोणी?

पॉल रूबेन्स यांचे १९१४चे ‘युअर किंग अँड कंट्री वाँट यू’ पाहा. शीर्षकात राजा आणि देश. बोलतात मात्र स्त्रिया. तुमचे क्रिकेट-फुटबॉल कौतुकाने पाहिले, आता युद्धातही उतरा, परत आलात की चुंबन देऊ, असा त्याचा आशय. परत न येणाऱ्याविषयी त्यात अवाक्षर नाही. गाण्याच्या विक्रीचा नफा युद्धामुळे काम गेलेल्या स्त्रियांच्या मदतनिधीला जायचा. म्हणजे लाडीगोडीच्या त्या आवाजामागे चूल विझलेल्या बायका होत्या. गाण्यात त्या कुठेच नाहीत. जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला आणि अशा गाण्यांची गरजच सरली.

१९६३ साली लंडनमध्ये जोन लिटलवुड यांच्या ‘ओ व्हॉट अ लव्हली वॉर’ या नाटकाने पहिल्या महायुद्धातली गाणी पुन्हा रंगमंचावर आणली, ती उपरोधासाठी. १९६९च्या चित्रपटात मॅगी स्मिथ तरुणांना गाण्याने भुलवून मंचावर बोलावते. जवळ गेल्यावर दिसतो तो रंग थापलेला कठोर चेहरा. समीक्षेचे काम यापेक्षा वेगळे नाही.

त्याच १९६३ साली, चीन युद्धाची जखम ओली असताना, आपल्याकडे ‘छोटा जवान’ आला. गदिमा आणि वसंत देसाई यांच्या ‘जिंकू किंवा मरू’मध्ये मरण थेट नावातच आहे, आणि ‘तुम्ही जा’ नव्हे तर ‘आम्ही’ असा पवित्रा आहे. मला ते रूबेन्सच्या गाण्यापेक्षा प्रामाणिक वाटते. तरीही हे गाणे शाळेच्या पटांगणात आम्ही घसा ताणून म्हटले, तेव्हा त्यातले ‘आम्ही’ उसनेच होते. आमच्यापैकी बहुतेक जण कधी सैन्यात गेले नाहीत.

युद्धगीताची चाल रक्त उसळवणारी असणारच. ते गाताना आपल्या जिवावर काय बेतणार आहे, एवढे मात्र गाणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे.