रास मासे ओळखताना : एका जुन्या ग्रंथाची परीक्षा

सीबीडी बेलापूर खाडीकाठी असले, तरी तिथल्या घरांतल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांतले रास मासे खाडीतले नव्हेत. ते प्रवाळांत राहणारे; दुकानातून येतात, तेही बहुधा पिल्लू असताना. अंग हिरवट, पाठीच्या परावर काळा ठिपका, असे पिल्लू थॅलासोमा वंशातले असू शकते, तसेच हॅलिकोरिस वंशातलेही. रंगीत चित्राशी ताडून पाहिले तर दोन्ही जुळतात.

प्रश्न केवळ नावाचा नाही. हॅलिकोरिस रात्री वाळूत शिरून झोपतो. उघड्या काचेच्या तळावर त्याचे हाल होतात. थॅलासोमा दगडांच्या फटीत झोपतो. वाळूवाचून त्याचे अडत नाही, पण तो मोठा झाला की टाकीतल्या कोळंब्यांची धडगत नसते.

म्हणून आम्ही फ्रान्सिस डे यांचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ (१८७५-७८) या दृष्टीने वाचून पाहिला. डे हे मद्रासच्या लष्करी सेवेतले डॉक्टर. त्यांच्या ग्रंथात प्रत्येक माशाची नोंद आकड्यांनी सुरू होते : कोणत्या परात काटे किती, मऊ आरा किती, पार्श्वरेषेवर खवले किती. मग डोके, डोळे, दात. रंग जवळजवळ शेवटी. चित्रेही बिनरंगी. हा क्रम आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो. मद्यार्कात ठेवलेल्या माशाचा रंग उडतो, काटे राहतात. थॅलासोमाच्या पाठीवरच्या परात ८ काटे, हॅलिकोरिसच्या ९. पर उभारलेला असताना काचेतून छायाचित्र घेतले, तर विद्यार्थ्यालाही मोजता येतात. (ग्रंथात वंशांची नावे जुनी आहेत, थॅलासोमा तिथे ‘ज्यूलिस’ म्हणून शोधावा.)

पण काटे मोजून वंश कळतो, जात नेहमी कळत नाही, आणि इथे डे अपुरे पडतात. रास वयाप्रमाणे रंग बदलतात, कित्येक जातींत मादीचा नरही होतो. सफाई करणाऱ्या रासांच्या कळपातला नर काढून घेतला, तर सर्वांत मोठी मादी दोन-तीन आठवड्यांत नर बनते, हे रॉबर्टसन यांनी १९७२ साली दाखवले. एकाच जातीच्या नर-मादीला एकोणिसाव्या शतकात वेगळी नावे मिळाली, ती यामुळेच.

कोरिस गेमार्ड आणि कोरिस क्युव्हिएरी यांची पिल्ले तर दोन्ही तांबडी, पाठीवर काळ्या कडेचे पांढरे पट्टे. काटेही सारखेच. मोठेपणी गेमार्डची शेपटी पिवळीजर्द होते, क्युव्हिएरीची होत नाही. तोवर खरी खूण एकच : पहिली जात मुख्यतः प्रशांत महासागरातली, दुसरी आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून हिंदी महासागरातली. डे यांच्या नोंदीत रंगानंतर माशाचे वसतिस्थान न चुकता येते. दुकानातल्या पिशवीवर मात्र ‘रेड कोरिस’ एवढेच असते, आणि शेपटी रंगेपर्यंत मासा फूटभर व्हायच्या वाटेला लागलेला असतो.