अक्षौहिणींचा हिशेब

टिळकांचे ‘गीतारहस्य’ हाती घ्यावे, विषयप्रवेशाची पाने ओलांडून ‘कर्मजिज्ञासा’ या दुसऱ्या प्रकरणाशी यावे, आणि तिथे आपली गाठ पडावी ती हॅम्लेटशी! कुरुक्षेत्रावर धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनाचा पेच जगात इतरांनाही पडला आहे, हे दाखवायला टिळकांनी शेक्सपिअरच्या दोन नायकांना बोलावून घेतले आहे. एक रोमचा कोरिओलेनस. ज्या नगराने त्याला हाकलले त्याच नगरावर तो शत्रूला घेऊन चालून येतो, आणि ऐन वेळी आईच्या विनवणीपुढे त्याचे पाऊल अडते. दुसरा डेन्मार्कचा राजपुत्र. बापाचा खुनी चुलताच आता आईचा नवरा होऊन बसला आहे, तेव्हा सूड घ्यावा की नात्याची भीड धरावी, या कात्रीत सापडलेला. टिळक म्हणतात, त्याला वेड लागले, कारण वाट दाखवायला जवळ कोणी श्रीकृष्ण नव्हता. या शेऱ्यापाशी आपण क्षणभर रेंगाळू या. ज्या नाटकांपुढे कॉलेजातल्या तरुणाने नतमस्तक व्हावे अशी अपेक्षा होती, त्याच नाटकांतल्या एका नायकाची इथे वडीलधाऱ्या मायेने विचारपूस चालली आहे: बिचाऱ्याला सारथी मिळाला नाही हो! यात कुत्सितपणाचा लवलेश नाही, आणि न्यूनगंडाचा तर नाहीच नाही.

हे लिहिणारा माणूस मंडालेच्या तुरुंगात होता. १९१०च्या नोव्हेंबरपासून पुढच्या मार्चअखेरपर्यंत, अवघ्या पाच महिन्यांत, शिसपेन्सिलीने हा ग्रंथ उतरला. छापून आला १९१५मध्ये, सुटकेनंतर. सोबतीला गीतेवरची भाष्ये होती, तसे कांट, ग्रीन, मिल, स्पेन्सर हे युरोपचे तत्त्वज्ञही होते. यांतले मिल आणि स्पेन्सर हे जुने ओळखीचे. डेक्कन कॉलेजातल्या टिळकांच्या पिढीने त्यांचे बोट धरूनच विचार करायला सुरुवात केली होती. त्याच बोटाला धरून टिळकांचे सहाध्यायी आगरकर बुद्धिवादाच्या उघड्या माळावर जाऊन पोचले आणि टिळक वळसा घेऊन व्यासांच्या अंगणात. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकत्र दिवस काढणाऱ्या या दोघांची ग्रंथसंपत्ती जवळजवळ एकच होती, हे विसरले की आपण एकाला पाश्चात्त्य आणि दुसऱ्याला पौर्वात्य ठरवून मोकळे होतो.

पण या ग्रंथाचा खरा रस चाखायचा तर चौथ्या प्रकरणात शिरले पाहिजे. प्रकरणाचे नाव ‘आधिभौतिक सुखवाद’. समोर उभे बेंथॅम आणि मिल. आणि त्यांचा सिद्धांत असा, की ज्या कृत्याने पुष्कळ माणसांना पुष्कळ सुख होते ते कृत्य नीतीचे. टिळक हा सिद्धांत झिडकारत नाहीत. आधी त्याला मान देतात, स्वार्थापेक्षा ही पायरी कितीतरी उंच आहे हे कबूल करतात, आणि मग अगदी सहज महाभारतातला एक आकडा पुढे सरकवतात. पांडवांचे सैन्य ७ अक्षौहिणी, कौरवांचे ११. डोकी मोजूनच न्याय ठरवायचा असेल, तर पांडव हरले असते म्हणजे अधिकांना अधिक सुख झाले असते. मग पांडवांचा पक्ष अन्यायाचा म्हणावा काय? लहानपणापासून आपण हे आकडे ऐकत आलो, युद्धाचा भव्यपणा वाटावा म्हणून. त्यांच्या पोटात लंडनच्या नीतिशास्त्राला घालायचा प्रश्न दडला असेल, असे कधी मनातही आले नव्हते. पुराणातला तपशील तर्काच्या कामी लावण्याची ही हातोटी खास टिळकांची. आणि हा तर्क नुसता गमतीचा नाही: संख्येने माणसे मोजता येतात, हेतू मोजता येत नाही, हे त्या दोन आकड्यांत पुरते सामावले आहे.

इथे मला एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीने कौल दिला तो ७ विरुद्ध २ असा. दोषी म्हणणारे सातही युरोपियन, आणि निर्दोष म्हणणारे दोघे हिंदी. त्या बहुमताच्या बळावर न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली; मंडालेचा तुरुंग तो याच शिक्षेचा. टिळक ‘गीतारहस्या’त याचा उच्चार करीत नाहीत. हा धागा जोडतो तो मीच, आणि रसिकाला एवढी मोकळीक असावी. तसाच आणखी एक धागा: अधिकांच्या सुखाचा हा थोर प्रवक्ता जॉन स्टुअर्ट मिल १८२३पासून १८५८पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत नोकरीला होता. स्वातंत्र्यावर अजरामर ग्रंथ लिहिताना, मागासलेल्या समाजांना ते तत्त्व तूर्त लागू नाही, अशी पुस्ती जोडायला तो विसरला नाही. हे ध्यानात ठेवून चौथे प्रकरण वाचले, की त्या शांत, शास्त्रार्थी गद्याखालची धग जाणवू लागते.

त्याच ओघात एक ट्रामगाडीही येते. पॉल कॅरस या लेखकाच्या पुस्तकातून टिळकांनी ती उचलली आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्राम हवी होती, लोकांची मोठी सोय होणार होती, पण मंजुरी रखडलेली. तेव्हा व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच चारून काम उरकले. ट्राम धावली, नगर सुखी झाले, आणि पुढे लाच उघडकीला येऊन खटला उभा राहिला. शिक्षाही झाली. सुख तर पुष्कळांना झाले होते! विश्वामित्र आणि भीष्म यांच्या सहवासात मधेच घंटा वाजवत येणारी ही ट्राम मला फार आवडते. वकिलीची परीक्षा दिलेला माणूसच असा दाखला निवडतो. स्वतःच्या खटल्यात एकवीस तासांवर बचावाचे भाषण करणारा हाच तो टिळक. युरोपच्या तत्त्वज्ञांनाही तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आदराने उभे करतो, त्यांच्या तोंडून आपल्या उपयोगाचे तेवढे वदवून घेतो आणि मग उलटतपासणीला लागतो. कधी कधी ही उलटतपासणी जरा जास्तच सोयीची होते, हेही म्हटले पाहिजे. सुखासुखांत प्रतीचा भेद असतो, असे सांगून मिलने आपल्या बचावाची तजवीज केली होती. तो मुद्दा टिळक नोंदवतात, पण त्याला फार वेळ बसू देत नाहीत.

फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्ट कोंट याच्याशी त्यांनी केलेली देवघेव याहून नाजूक आहे. मानवी ज्ञान आधी देवदेवतांच्या, मग अमूर्त तत्त्वांच्या आणि अखेर प्रत्यक्ष शास्त्राच्या पायरीवर चढते, अशी कोंटची चढण. टिळक त्याच्याकडून तिन्ही पायऱ्या घेतात, त्यांच्या आधाराने आपल्या ग्रंथाची जणू बांधणीच करतात, आणि क्रम मात्र बदलतात. कोंटला जी सर्वांत वरची ती आधिभौतिक दृष्टी इथे तळाशी जाते. अध्यात्म माथ्यावर येते. जिना युरोपचा, चढायची दिशा स्वतःची. प्रभाव म्हणतात तो असाही असू शकतो, आणि तो लपवावा असे टिळकांना कुठेही वाटलेले नाही. उलट प्रस्तावनेतच ते ग्रीनच्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाचा आपुलकीने उल्लेख करतात, आणि कर्माची किंमत त्याच्या फळावरून न करता कर्त्याच्या शुद्ध बुद्धीवरून करणारा कांट भेटला की त्यांच्या वाक्यांना तर भरतेच येते.

मग येते अकरावे प्रकरण, ‘संन्यास आणि कर्मयोग’. ग्रंथातले हे सर्वांत झुंजार प्रकरण, कारण इथला प्रतिपक्षी साक्षात आद्य शंकराचार्यांची संन्यासमार्गी परंपरा आहे. शंकराचार्यांच्या पंगतीला युरोपातून कोण येऊन बसते, तर जगाचा वीट आलेला शोपेनहौअर! आणि कर्म सोडू नये असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला पाहावे, तर कोंट आहे, स्पेन्सर आहे, आणि चौथ्या प्रकरणात अक्षौहिणींच्या हिशेबात ज्याची त्रेधा उडाली होती तो मिलही आहे. त्यांची कारणे आधिभौतिक, आपली आध्यात्मिक, एवढे बजावून टिळक त्यांना आपल्या बाजूला बसवून घेतात.