हंफ्री रेप्टनचें 'तांबडें पुस्तक' : शेरिंगहॅम उद्यानाचें एक साधन

इंग्लंडांतील जमीनदारांच्या वाड्यांभोवतीं जीं विस्तीर्ण उद्यानें आहेत, त्यांच्या रचनेविषयीं मागें राहिलेल्या कागदांत हंफ्री रेप्टन (१७५२–१८१८) याचीं 'तांबडीं पुस्तकें' सर्वांत देखणीं होत. त्या देखणेपणामुळेंच त्यांची परीक्षा अधिक कडक झाली पाहिजे, असें आमचें मत आहे.

रेप्टननें हा व्यवसाय १७८८ सालीं पत्करला. जागेची पाहणी करून तो आपल्या सूचना लिही, सोबत जलरंगी चित्रें जोडी, व हें हस्तलिखित बहुधा तांबड्या मोरोक्को चामड्यांत बांधून मालकास देई. चित्रावर कागदाची झडप बसविलेली असे. ती मिटलेली असतां जागेची मूळ स्थिति दिसे. उचलतांच योजिलेली स्थिति प्रगट होई. युक्ति मनोवेधक खरी; परंतु पूर्वस्थिति रेखाटणारा आणि नवी योजना मालकाच्या गळीं उतरवूं पाहणारा मनुष्य एकच होता. म्हणून झडपेवरील चित्रास मोजणीच्या नकाशाची योग्यता देतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. रेप्टनच्या पूर्वीचा प्रख्यात उद्यानकार लॅन्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३) हा कामाचा मक्ता घेऊन तें पुरें करून देई. त्याची हिशेबवही लंडनच्या लिंडली ग्रंथालयांत आहे. रेप्टन बहुतेक ठिकाणीं केवळ सल्ला देई, अंमल मालकाच्या इच्छेवर राही. ब्राउनच्या वहींतील रकमा व्यवहाराची साक्ष देतात. रेप्टनचें पुस्तक हेतूची. सनद हातीं आली म्हणजे ताबा मिळालाच असें नव्हे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

नॉर्फोक परगण्यांतील शेरिंगहॅमचें उदाहरण या दृष्टीनें बोधप्रद आहे. ॲबट अपचर यानें ही जमीन घेतल्यावर रेप्टननें १८१२ सालीं तिचें तांबडें पुस्तक सिद्ध केलें. समुद्र जवळ असूनही वाडा त्याच्या समोर न ठेवतां वृक्षाच्छादित टेकडीच्या आडोशास ठेवावा. गांवच्या गरिबांस ठराविक दिवशीं रानांतलें वाळलें सरपण वेंचूं द्यावें. अशा त्याच्या सूचनांवरून त्या काळच्या जमीनदारीचें मन उघड होतें. वाड्याचें काम १८१३ सालीं सुरू झालें. पण १८१९ सालीं अपचर वारला आणि वाडा १८३९ पर्यंत अपुराच राहिला. पुस्तकांत योजिलेलें देऊळवजा मंडप तर १९७५ सालीं उभें राहिलें! आज शेरिंगहॅम ज्या रोडोडेंड्रॉनच्या फुलांकरितां प्रसिद्ध आहे, तीं झाडेंही मुख्यतः रेप्टनच्या पश्चात् लावलेलीं. एकाच उद्यानांत अशा रीतीनें तीन काळ नांदत आहेत. १८१२ चें पुस्तक हातांत धरून सर्व कांहीं १८१२ चें मानणारा अभ्यासक यांतील दोन काळ गमावून बसेल.

यावरून हीं पुस्तकें टाकाऊ ठरत नाहींत. रेप्टनच्या मनांत काय होतें, याचा याहून अस्सल पुरावा नाहीं. मात्र प्रत्यक्षांत काय घडलें तें मालकाचा जमाखर्च, पुढील नकाशे आणि खुद्द जमीन यांस विचारावें. संग्राहकांनींही चित्रें पुस्तकापासून सुटीं करूं नयेत, झडपा काढूं नयेत. कारण झडप गेली कीं चित्र राहतें, पण त्यांतला युक्तिवाद नष्ट होतो.