झोप उडवणारं झोपेचं पुस्तक

मॅथ्यू वॉकर यांचं 'व्हाय वी स्लीप' (२०१७) तुम्हालाही कुणीतरी आग्रहाने वाचायला सांगितलं असेल. मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा भारावून गेले. दुसऱ्यांदा मूळ शोधनिबंध शेजारी ठेवून वाचलं आणि वैतागले.

आधी चांगलं सांगते. झोप का येते, हे वॉकर फार सोपं करून सांगतात. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढते. जोडीला शरीरातलं चोवीस तासांचं घड्याळ चालू असतं. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेलं हे दोन यंत्रणांचं मॉडेल आजही आमचा पाया आहे. कॉफीतलं कॅफिन अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणजे ओढ संपत नाही, फक्त जाणवत नाही. हा भाग मी ज्युनियर्सना आवर्जून वाचायला देते.

गडबड आहे ती इशाऱ्यांमध्ये. किशोरवयीन खेळाडूंच्या दुखापतींचा एक आलेख पुस्तकात आहे. झोप जितकी कमी, तितक्या दुखापती जास्त, असं तो दाखवतो. पण मूळ आलेखात पाच तास झोपणाऱ्यांचाही स्तंभ आहे, आणि तो सहा तासवाल्यांपेक्षा बुटका आहे. पुस्तकात नेमका तोच गायब! अलेक्सी गुझी यांनी २०१९ मध्ये पुस्तकातल्या चुकांवर लिहिलं, तेव्हा हा मुद्दा गाजला.

दुसरं उदाहरण आनुवंशिक प्राणघातक निद्रानाशाचं. माणूस झोपेअभावी मरू शकतो, याचा पुरावा म्हणून वॉकर हा आजार पुढे करतात. पण हा प्रायॉनचा आजार आहे. त्यात थॅलॅमस आणि मेंदूचे इतर भाग नष्ट होत जातात, आणि झोप उडणं हे त्याचंच एक लक्षण आहे. मग मृत्यू नेमका झोपेअभावीच झाला, असं कसं म्हणणार?

'थोडी अतिशयोक्ती झाली तर काय बिघडलं, लोक झोपतील तरी!' असं मलाही वाटायचं. पण निद्रानाश असलेला माणूस मुद्दाम जागत नाही. झोप येणार नाही या धास्तीनेच त्याची झोप उडते. त्याच्यावरचा पहिला उपाय म्हणजे सीबीटी-आय ही वर्तनोपचार पद्धत. तिच्यात अंथरुणातला वेळ सुरुवातीला मुद्दाम कमी करतात, म्हणजे झोपेची ओढ साठते. काही रात्री झोप आणखी कमी होते. गेलेला प्रत्येक तास आयुष्य कमी करतोय असं ज्याच्या मनावर बिंबलंय, तो हे करायला धजावेल का? गंमत म्हणजे वॉकर स्वतः याच उपचाराची शिफारस करतात.

याचा अर्थ जागरणं करा असा नाही. प्रौढांनी सात तास तरी झोपावं, ही तज्ज्ञांची शिफारस योग्यच आहे. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं असं होत असेल तर डॉक्टरांना दाखवाच. पण रात्री दोन वाजता छताकडे बघत पडला असाल, तर हे पुस्तक उघडू नका. वाचायचंच असेल, तर दिवसा वाचा.