वृंदातला एकल: तरुण वादकाच्या तालमीतला एक गाळलेला टप्पा

शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलाचा प्रवास साधारण ठरलेला असतो. आधी वर्ग, मग परीक्षा, मग गुरूमागे तानपुरा घेऊन बसणे आणि पुढे कधीतरी पंधरा-वीस मिनिटांची स्वतंत्र बैठक. या वाटेवर त्याला गुरू भेटतो, परीक्षक भेटतो, श्रोतेही भेटतात. बरोबरीच्या वीस-पंचवीस वादकांमध्ये बसून, त्यांच्यासह एकल वाजवण्याचा प्रसंग मात्र येत नाही. हा टप्पा गाळल्याने काय राहून जाते आणि तो आपल्या पद्धतीत बसेल का, एवढेच या लेखात तपासायचे आहे.

सुरुवातीलाच शब्दाची अडचण येते. आपल्या गावांत ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे गणेशोत्सवातला चित्रपटगीतांचा कार्यक्रम. मला अभिप्रेत आहे तो गावातल्या हौशी व शिकाऊ वादकांचा, नियमित तालमीचा वाद्यवृंद. अशा वृंदापुढे एखादा तरुण एकल वादक उभा राहतो तेव्हा त्याला साथ देणारे त्याचे नोकर नसतात आणि त्याचे गुरूही नसतात.

हा प्रश्न नाशिकमधून विचारायला कारण आहे. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे आणि 1908 मध्ये ते मुंबईत आणणारे विष्णू दिगंबर पलुसकर अखेरच्या वर्षांत नाशिकच्या रामनाम आधाराश्रमात राहिले. 1931 मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. वर्ग, स्वरलिपी, क्रमिक पुस्तके, परीक्षा यांमुळे शिकणे सामूहिक झाले. वाजवणे-गाणे मात्र एकट्याचेच राहिले. पलुसकरांनी घराण्याची बंद दारे उघडली हे त्यांचे मोठे काम. पण त्या दारातून आत आलेल्या हजारो विद्यार्थ्यांनी परस्परांशी संगीतातून कसे बोलावे, याची सोय त्यांच्यामागून आलेल्यांनी केली नाही, असे माझे मत आहे.

त्यांचे पुत्र दत्तात्रेय, म्हणजे डी. व्ही. पलुसकर, यांना विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांची तालीम मिळाली. 1935 मध्ये, चौदाव्या वर्षी, ते जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायले आणि गाजले. त्यांच्यासारख्याला एक बैठक पुरली. पण शिक्षणपद्धतीची पारख असामान्यांवरून करू नये, उरलेल्यांवरून करावी.

योगायोगाने त्याच 1935 मध्ये मुंबईत मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. गोवेकर वादक, पारशी हौशी मंडळी, नौदलाच्या बँडमधले फुंकवाद्यवाले असा तो जमवाजमवीचा संसार होता. त्यांचा मुलगा झुबिन या तालमी ऐकत वाढला आणि सोळाव्या वर्षी तालमीत संपूर्ण वाद्यवृंद हाताळू लागला. 1954 मध्ये तो व्हिएन्नाला गेला, 1955 मध्ये वडील मँचेस्टरला. मेहलींनी हे काम सोडले नाही. 1964 मध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनी हा तरुणांचा वाद्यवृंद काढला आणि तीन दशकांहून अधिक काळ चालवला. मुंबईत जमलेले शहाणपण परदेशातल्या मुलांच्या उपयोगी पडले, याची खंत वाटते.

अशा वृंदात तरुण एकल वादक काय शिकतो? मोझार्टचा पियानो कॉन्चेर्तो घ्या. बहुतेक वेळा सुरुवातीला वृंदच वाजतो. ज्याच्यासाठी सभागृह भरले आहे तो वादक बराच वेळ हात मांडीवर ठेवून ऐकत असतो. दुसऱ्यांनी मांडलेला विषय ऐकून घ्यायचा, मग त्यात आपले म्हणणे घालायचे आणि योग्य जागी परत सोपवायचे. आपल्या मैफलीत सगळे एकल कलावंतासाठी थांबतात. तो कुणासाठी थांबत नाही. उत्तम कलावंत तबलजीचे ऐकतो हे खरे, पण ते शहाणपण बहुधा चाळिशीत येते. वृंदात ते पंधराव्या वर्षी अंगवळणी पडू शकते.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. आपले संगीत उपजेचे. लिहून ठेवलेल्या वृंदसंगीतात राग गुदमरतो. शिवाय प्रत्येकाचा षड्ज वेगळा: कुणाची पट्टी काळी एक, कुणाची काळी चार. मैहरला अलाउद्दीन खाँ यांनी अनाथ मुलांचा बँड घडवला, 1952 मध्ये आकाशवाणीचा वाद्यवृंद रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर यांच्या हाती सुरू झाला, पुढे पन्नालाल घोष त्यात आले. हे प्रयोग मोलाचे होते. तरी पुष्कळशा वृंदरचनांमध्ये सगळी वाद्ये एकच चाल एकत्र वाजवतात आणि एकल वादकाला दोन-चार ओळींचा तुकडा मिळतो. तिथे आक्षेप खरा ठरतो.

पण वेगळी वाट दाखवणारेही होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिन वाजवत आणि शिकवत. प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1958 मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादक बसवले आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना एकल गायक म्हणून उभे केले. सारंग रागावर व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी त्यांनी रचनाही केली. 1965 मध्ये ते अमेरिकेला गेले आणि तो प्रयोग पुढे सरकला नाही. कल्पना फसली असे यावरून म्हणता येत नाही; ती एका माणसाच्या खांद्यावर होती, इतकेच.

नाशिकमध्ये गर्दीची उणीव नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास गोदाघाटावर शेकडो मुलांचे सामूहिक वादन-गायन-नृत्य होते. मुले वर्षभराच्या वर्गांतून तयार होऊन येतात, पालक कौतुकाने येतात, आणि त्या संध्याकाळचा आनंद खरा असतो. मात्र शेकडो तबले एकच कायदा एकाच वेळी वाजवतात तेव्हा ती कवायत असते. शेजारच्याचा हात चुकला तरी कळत नाही आणि आपला चुकला तरी कुणाचे अडत नाही. वृंदात उलट असते: प्रत्येकाचा भाग वेगळा, म्हणून प्रत्येकाचे असणे मोजले जाते.

मग करायचे काय? शहरातल्या दोन-चार वर्गांनी मिळून पंचवीस मुले घ्यावीत: व्हायोलिन, सतार, बासरी, पेटी, तबला. एकल वादक वाद्याचा असावा आणि पट्टी त्याची धरावी, म्हणजे षड्जाचा प्रश्न बराचसा सुटतो. मध्यलय तीनतालातली एक गत वृंदासाठी दोन-तीन पदरांत लिहावी. सुरुवातीची चार आवर्तने वृंदाने मांडावीत. एकल वादकाने ती फक्त ऐकावीत. मग त्याला आठ आवर्तने, म्हणजे 128 मात्रा, पूर्ण मोकळ्या द्याव्यात. वृंदाने त्या वेळी मंद लेहरा धरावा. तिहाई घेऊन तो समेवर आला की वृंदाने उचलावे. उपज शाबूत राहते आणि परत येण्याची जबाबदारीही. दर कार्यक्रमाला एकल वादक बदलावा. आज पुढे बसलेली मुलगी पुढच्या वेळी मागच्या रांगेत लेहरा धरेल.

या शेवटच्या अटीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. स्पर्धांनी आपल्या मुलांना शेजारच्याला प्रतिस्पर्धी मानायला शिकवले आहे. त्यातली बहुतेक मुले विशारदनंतर वाद्य गुंडाळून ठेवतात, कारण एकट्याची मैफल मिळण्याइतकी मोठी ती होत नाहीत आणि दुसरी जागा आपण त्यांच्यासाठी ठेवलेलीच नाही. गावात वृंद असेल तर बँकेत नोकरी करणारा सतारिया आणि दोन मुलांची आई असलेली व्हायोलिनवादक दर रविवारी तालमीला येऊ शकतात, आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या मागे त्यांचा अनुभव उभा राहतो. कालिदास कलामंदिरात असा पहिला कार्यक्रम झाला तर समीक्षकाने मुलाची तान किती तयार होती हे नंतर पाहावे. वृंदाची पहिली चार आवर्तने चालू असताना त्याचे लक्ष कुठे होते, ते आधी पाहावे.