खिडकी कोणासाठी उघडायची?

या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांकडून एक प्रश्न आमच्याकडे सारखा येतो. पायथनमध्ये खिडक्या आणि बटणं असलेला, आपल्याच संगणकावर चालणारा प्रोग्रॅम करायचा, तर सगळ्यात चांगलं टूलकिट कोणतं? आज त्याचं उत्तर द्यायचं आहे. पण त्याआधी आम्ही प्रश्नाचीच उलटतपासणी करणार. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाची ही जुनी खोड, तेवढी चालवून घ्या.

‘सगळ्यात चांगलं’ म्हणजे कोणासाठी चांगलं? या विषयावरच्या बहुतेक तुलना तुम्ही वाचल्या असतील. दिसायला कोणतं आधुनिक, कोणात ओळी कमी लिहाव्या लागतात, कोणात बटणांचे प्रकार जास्त. ही सगळी तुलना प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या खुर्चीतून केलेली असते. खिडकीसमोर जो रोज बसणार आहे, त्याची खुर्ची या तुलनेत नसतेच. आमची मुख्य तक्रार हीच आहे. गांधीजींनी १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये साधनाला बी आणि साध्याला झाड म्हटलं. ते नातं इथे अगदी शब्दशः लागू पडतं. साधन निवडलं की त्या खिडकीत काय दिसणार आणि काय दिसणार नाही, याचा बराचसा निकाल लागून गेलेला असतो.

उदाहरण आमच्याच फजितीचं देतो. वाचनालयाच्या पुस्तकांची नोंदवही संगणकावर आणावी, म्हणून आम्ही टीकिंटर घेतलं. ते पायथनबरोबरच येतं, फुकट आहे, सोपं आहे. ते ज्या टीके संचावर उभं आहे, तो जॉन आउस्टरहाउट यांनी बर्कली विद्यापीठात १९९१ च्या सुमारास केला. इतकी वर्षं टिकलेली वस्तू, म्हटलं शंका कशाला घ्या? विंडोजवर सगळं बरं दिसलं. मग तोच प्रोग्रॅम वाचनालयाच्या जुन्या लिनक्स संगणकावर उघडला. ‘किल्ला’ या शब्दातली वेलांटी क च्या आधी न येता नंतर आली, आणि पाय मोडलेला ल वेगळा उभा राहिला. नोंदी ठेवणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, ही मराठी वाचायची कशी? आमची वहीच बरी.” त्यांचं बरोबर होतं, आणि आमची निवड चूक होती.

आता हे का होतं ते बघा. देवनागरी अक्षरं एकामागोमाग मांडून भागत नाही. वेलांटी मागे न्यावी लागते, जोडाक्षर बांधावं लागतं, ‘दुसऱ्या’मधला र वेगळा काढावा लागतो. ही अक्षरं घडवण्याची पायरी असते. लिनक्सवरचं टीके ८.६ ही पायरी करतच नाही. विंडोज आणि मॅकवर ते काम खालची प्रणाली करून देते, म्हणून तिथे दोष लपतो. क्यूटीमध्ये हे काम हार्फबझ नावाचं ग्रंथालय करतं. जीटीकेमध्ये पँगो आणि हार्फबझ मिळून करतात. डब्ल्यूएक्स-पायथन ज्या प्रणालीवर चालतं तिचीच बटणं वापरतं, म्हणजे लिनक्सवर जीटीके, त्यामुळे तिथेही अक्षरं नीट येतात. किवीची गोष्ट निराळी. ते सगळं स्वतः रंगवतं, आणि त्याचा ठरलेला फॉन्ट रोबोटो, ज्यात देवनागरी नाही. परिणाम काय, तर नुसत्या चौकटी.

एवढं मात्र लक्षात ठेवा, चौकटी दिसणं आणि अक्षरं मोडणं हे दोन वेगळे आजार आहेत. चौकटी दिसल्या तर फॉन्ट नाही. नोटो किंवा लोहित बसवा, आणि किवीसारख्या ठिकाणी तो फॉन्ट नाव घेऊन सांगा. अक्षरं मोडली तर घडवणारं यंत्र नाही. तिथे फॉन्ट बदलून काहीही होणार नाही. आम्ही या घोळात दोन दिवस घालवले, तुम्ही घालवू नका.

दुसरा मुद्दा कराराचा. आज आपण अंजनवेलला बसलो आहोत, तेव्हा हा मुद्दा समजावून सांगायला लांब जायला नको. इथला वीजप्रकल्प १९९९ साली नाफ्थ्यावर सुरू झाला आणि २००१ साली वीजखरेदीच्या वादात बंद पडला. यंत्रं तीच होती, जागेवरच होती. पुढे २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी उभी करावी लागली. यंत्र चांगलं असणं आणि यंत्र चालत राहणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरी गोष्ट इंधनावर आणि कागदावरच्या अटींवर ठरते, हे या गावाला आम्ही सांगायची गरज नाही.

सॉफ्टवेअरमध्ये या कागदाला परवाना म्हणतात. क्यूटी पायथनमधून वापरायचे दोन रस्ते आहेत. पायक्यूटी हे रिव्हरबँक कम्प्युटिंगचं. ते जीपीएल परवान्याखाली मिळतं, म्हणजे तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात तर त्याचा मूळ मजकूरही त्याच अटींवर द्यायचा. ते नको असेल तर पैसे भरून व्यापारी परवाना घ्यायचा. पायसाइडचा जन्मच या अटींतून झाला. नोकियाला एलजीपीएल हा सैल परवाना हवा होता, रिव्हरबँकशी जमलं नाही, म्हणून २००९ साली त्यांनी वेगळा संच काढला. आज तोच क्यूटी कंपनीचा अधिकृत संच आहे. लिहायची पद्धत दोघांची जवळजवळ सारखी, कागद मात्र वेगळा. आणि कागद बदलतोही. नवशिक्यांचं आवडतं पायसिंपलजीयूआय २०२४ साली मोफत परवान्यावरून सशुल्क परवान्यावर गेलं. ज्यांनी त्यावर इमले बांधले होते, त्यांची धावपळ झाली.

आता आपल्याकडची खरी कामं बघू. आज आयआयटी मुंबईत असलेले प्रा. प्रभु रामचंद्रन यांचं मायावी हे वैज्ञानिक माहितीची त्रिमिती चित्रं दाखवणारं साधन. त्याची पहिली आवृत्ती टीकिंटरवर होती. दुसरी आवृत्ती अशी रचली, की खाली डब्ल्यूएक्स असो वा क्यूटी, वरचं काम तेच राहावं. हा धडा मोठा आहे: हिशेब एकीकडे, खिडकी दुसरीकडे. उद्या खिडकी बदलावी लागली तर घर पाडावं लागत नाही. आयआयटी मुंबईच्याच फॉसी प्रकल्पातलं ऑसडॅग पोलादी बांधकामाचा आराखडा आयएस ८०० : २००७ या मानकाप्रमाणे तपासतं, आणि ई-सिम विद्युतमंडलांचं काम करतं. दोन्हींच्या खिडक्या पायक्यूटीच्या. दोन्ही खुली असल्यामुळे जीपीएलची अट त्यांना जाचत नाही. निवड विचारपूर्वक आहे, आम्हाला ती पटते.

मग आमची टीका कुठे आहे? त्याच संस्थेतल्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने संगणकाचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलते केले. धडा मराठीत ऐकायला मिळतो, पण खिडकी उघडली की बटणावर इंग्रजी. क्यूटीत भाषांतराची सोय आहे; प्रत्येक मथळा भाषांतराच्या फंक्शनमधून नेला की पुढे शब्दांची यादी तेवढी भरायची. म्हणजे अडचण साधनाची नाही. ‘इंजिनियरला इंग्रजी येतंच’ हे गृहीतक आहे, आणि ते तपासलं गेलेलं नाही. पदविकेच्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला विचारून बघा.

आता प्रत्यक्ष बसवण्याविषयी. विंडोजवर पायथन बसवताना ‘पाथमध्ये जोडा’ या अर्थाची छोटी चौकट असते, तिच्यावर खूण करा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. टीकिंटर पिपने बसत नाही. डेबियन किंवा उबुंटूवर त्याचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. पायसाइड पिपने बसतं, पण प्रत्येक कामासाठी व्हेन्व, म्हणजे स्वतंत्र कप्पा, आधी करा. नवीन डेबियनवर तर कप्प्याशिवाय पिप सरळ नकारच देतं, आणि ते बरंच आहे. कोणती आवृत्ती बसवली ते एका फाइलीत लिहून ठेवा.

गावात रेंज नसेल, तर जिथे चांगलं नेट आहे तिथे पिपच्या ‘डाउनलोड’ आज्ञेने सगळ्या फायली पेनड्राइव्हवर घ्या आणि इथे आणून बसवा. फक्त दोन्हीकडे पायथनची आवृत्ती आणि प्रणाली सारखी हवी. शेवटी पायइन्स्टॉलरने एकसंध प्रोग्रॅम करून द्या, म्हणजे समोरच्याला पायथन बसवावं लागत नाही. मात्र ज्या प्रणालीवर कराल त्याच प्रणालीसाठी तो होतो. लिनक्सवर बसून विंडोजचा करता येत नाही. आणि बटणांच्या रुंदी-उंचीचे आकडे ठोकून बसवू नका, लेआउट वापरा. आपल्याला वर मात्रा आणि खाली उकार लागतात. इंग्रजीच्या मापाच्या डब्यात ते कापले जातात.

तेव्हा आमचं उत्तर असं. शिकायला टीकिंटर घ्या, त्यात कमीपणा नाही. दुसऱ्याच्या हातात, मराठीत, द्यायचं असेल तर पायसाइड घ्या. पण त्याआधी पाच मिनिटांची एक परीक्षा करा. रिकाम्या खिडकीत एक पाटी आणि एक लिहायची चौकट ठेवा. त्यात ‘किल्ला’, ‘वाशिष्ठी’, ‘दुसऱ्या’, ‘ॲप’ हे चार शब्द टाका. ज्या संगणकावर काम चालणार आहे त्याच संगणकावर उघडा, आणि जो माणूस ते वापरणार आहे त्यालाच वाचायला सांगा. स्वतः वाचू नका. आपल्याला काय लिहिलंय ते माहीत असतं, त्यामुळे मोडकं अक्षरही आपण सरळ वाचतो.

आमची वाचनालयाची नोंदवही आता पायसाइडवर आहे. हिशेबाचा भाग वेगळा ठेवलेला नव्हता, म्हणून सगळी पुन्हा लिहावी लागली. बाई ती वापरतात. वहीही ठेवतात, आणि आम्ही त्यांना ती बंद करायला सांगितलेलं नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.