मूत्रवाहिनीशूल आणि अफूजन्य वेदनाशामके : एका प्रमेयाचे परीक्षण

वेदना जितकी तीव्र तितके औषध उग्र असावे, हे प्रमेय लोकव्यवहारात रूढ आहे. वैद्यकातही त्याचे राज्य दीर्घकाळ चालले. मूत्रवाहिनीत खडा अडकून उठणारी कळ अत्यंत तीव्र असते. म्हणून पेथिडीन किंवा मॉर्फीन हेच तिचे उत्तर, असा समज दृढ झाला. वसई-विरारच्या दृष्टीने या प्रमेयाची तपासणी केवळ तात्त्विक नाही. उन्हात पुरेसे पाणी न पिता राबणाऱ्यास मुतखड्याचा धोका अधिक. आणि मिठागरे, बागायती, मासेमारी व कारखाने यांवर येथील पुष्कळांचा चरितार्थ चालतो.

प्रथम शूलाची उत्पत्ती पाहावी. खड्याने मूत्राचा मार्ग रोधला की मूत्रपिंडातील दाब वाढतो. प्रोस्टाग्लँडिने निर्माण होऊन तेथील रक्तप्रवाह व मूत्रनिर्मिती वाढते आणि दाबात आणखी भर पडते. अफूजन्य औषध वेदनेची जाणीव मंदावते. हे चक्र तोडीत नाही. डायक्लोफेनॅक प्रोस्टाग्लँडिनांची निर्मितीच रोखते. म्हणजे येथे प्रश्न उग्रतेचा नसून कारणाचा आहे.

प्रयोगांचा कौलही असाच आहे. होल्डगेट व पोलॉक यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या समीक्षेत २० चाचण्या व १,६१३ रुग्ण विचारात घेतले होते. दोन्ही वर्गांतील औषधांनी वेदना शमली. परंतु अफूजन्य औषधांनी, विशेषतः पेथिडीनने, वांत्या अधिक झाल्या. पुढे २०१६ साली दोहा येथील १,६४५ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्या तासात वेदना निम्म्याने उतरलेले रुग्ण डायक्लोफेनॅकच्या गटात ६८, पॅरासिटामॉलच्या गटात ६६ आणि मॉर्फीनच्या गटात ६१ टक्के होते.

तथापि या आकड्यांवरून मॉर्फीन हद्दपार करणे हा दुसऱ्या टोकाचा प्रमाद होय. दोह्याचे रुग्ण बहुतांशी तरुण पुरुष होते. ज्यांचे मूत्रपिंड आधीच दुर्बळ आहे, ज्यांस जठरव्रण आहे किंवा ज्या स्त्रिया गर्भवती आहेत, त्यांच्याबाबतीत डायक्लोफेनॅक टाळणेच श्रेयस्कर. शिवाय ६८ टक्क्यांच्या यशामागे ३२ टक्क्यांची कळ उरतेच. या उरलेल्यांसाठी मॉर्फीन हाताशी असणे, हाच खरा व्यावहारिक प्रश्न आहे.

तो कायद्याशीही निगडित आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे जाळे असे गुंतागुंतीचे केले की अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीनसह काही औषधांस ‘अत्यावश्यक’ मानून देशभर एकच नियम लागू करण्याचा मार्ग मोकळा केला. पुढे निश्चित झालेल्या त्या औषधांच्या यादीत पेथिडीन नाही. शूलापुरते पाहता ही उणीव विशेष जाणवू नये.

तात्पर्य, जुने प्रमेय जसेच्या तसे टिकत नाही. शूलावर प्रथम डायक्लोफेनॅक, ते वर्ज्य असल्यास पॅरासिटामॉल, आणि त्यांनी न भागल्यास मॉर्फीन, हा क्रम पुराव्यास धरून आहे. मात्र शूलासोबत ताप असेल, तर अडलेले मूत्र मोकळे करणे हेच तातडीचे कार्य. तेथे वेदना शमली म्हणून रुग्णास घरी पाठविणे त्याच्या जिवावर बेतू शकते.